सल्ला हवा: बाबांच्या साठीला रोमन नाणं कुठलं घेऊ?

कावेरी_लंडन:
बाबांना रोमचं भयंकर वेड. मी इथे आहे तोवर खेळ-उत्सवांशी संबंधित एखादं ब्राँझचं नाणं घ्यावं म्हणते. कोलोसियम असलेलं सम्राट टायटसचं मनात भरलंय. अडीचशे पौंडांत जमेल?

जुना_ढब्बू:
कोलोसियम विसरा. मोजकीच उरलीत, त्यांचे भाव फ्लॅटच्या भाषेत बोलतात. अडीचशेत दिसलं तर नक्कल समजा.

सम्राट डोमिशियनचं आस (हलक्या किमतीचं रोमन नाणं) बघा. इ.स. 88 मध्ये त्याने 'लुडी सेक्युलारेस' भरवले, म्हणजे माणसाच्या आयुष्यात एकदाच दिसावेत असे खेळ. नाण्यावर देवळापुढे सम्राट वेदीवर अर्घ्य देतोय, समोर एकजण जोडपावा फुंकतोय, दुसऱ्याच्या हातात वीणेसारखं वाद्य. एवढ्याशा चकतीवर अख्खी पूजा! यापूर्वी सम्राट क्लॉडियसने इ.स. 47 मध्ये हेच खेळ भरवले, तेव्हा 'कोणी पाहिले नाहीत, पुन्हा पाहणार नाही' अशी दवंडी पिटली आणि लोक हसले. सम्राट ऑगस्टसचे इ.स.पू. 17 चे खेळ पाहिलेले म्हातारे अजून हयात होते ना! बाबा रोमन इतिहासकार टॅसिटस वाचत असतील तर हेही सांगा: डोमिशियनच्या खेळांत टॅसिटस स्वतः पुरोहितमंडळात होता.

किसकाढू:
आस तांब्याचं असतं हो, ब्राँझ नव्हे. 😀 सम्राट फिलिपच्या इ.स. 248 च्या खेळांची सिंह-हरणवाली नाणीही छान, पण स्वस्तात मिळतात ती हिणकस चांदीची. ब्राँझ हवं तर त्यातलं सेस्टर्शियस (मोठं नाणं) मागा. छोटं चालणार असेल तर नीरोचं सेमिस (अर्धं आस): मेजावर कलश आणि विजेत्याचा हार, त्याच्या पंचवार्षिक स्पर्धांसाठी पाडलेलं. जुन्या चार आण्यांएवढं.

मीनलताई:
घेण्याआधी कड बघा. कडेला शिवण किंवा पृष्ठभागावर बारीक छिद्रं दिसली तर ओतीव नक्कल असू शकते. 'हातात घेतल्यावर पिठासारखी हिरवी पूड निघाली' हा माझा अनुभव. विकणारा म्हणाला, जुनेपणाचा रंग आहे. सहा महिन्यांत नाण्याला खड्डे पडले. खरा जुना रंग घट्ट बसलेला असतो, पूड सुटत नाही. शिवाय झिजलेलं नाणं कोरून उठावदार केलंय का, तेही विचारा.

कावेरी_लंडन:
आसच ठरलं. एक सापडलंय, सम्राटाचं नाक पार गेलंय, पण पावा स्पष्ट आहे.

जुना_ढब्बू:
नाकाचं काय घेऊन बसलात. दुसरा वादक दिसतोय का?

कावेरी_लंडन:
दिसतोय. वाद्याच्या तारा नाही मोजता येत.

जुना_ढब्बू:
मग घ्या. पण आधी कडेचा फोटो मागवा.