हळदणकरांसारखा दिव्याचा उजेड जलरंगात कसा आणायचा?

सावली_उजेड:
सा. ल. हळदणकरांच्या ‘ग्लो ऑफ होप’ या चित्राचा अभ्यास म्हणून ११ × १५ इंचाच्या कागदावर निरांजन धरलेली बाई रंगवते आहे. कागद ३०० जीएसएम (जाड), कोल्ड प्रेस (थोडा खरबरीत). चेहऱ्यावरचा पिवळा उजेड दुसऱ्या-तिसऱ्या थरात मळतो. बोटांतून झिरपणारा लालसर प्रकाश विटकरी दिसतो. त्यासाठी लाइट रेड वापरलाय. पार्श्वभूमीला काळा. चूक कुठे होते? आणि मूळ चित्र रविवर्म्याचं म्हणून फिरत असतं, त्यात तथ्य आहे का?

वाडीकर:
तथ्य नाही. राजा रविवर्मा १९०६ साली गेले, हे चित्र १९४५-४६ चं. म्हैसूरच्या जगनमोहन राजवाड्यातल्या ज्या कलादालनात ते आहे, तिथे रविवर्म्यांचीही चित्रं आहेत. गोंधळ बहुधा त्यामुळेच होतो. हळदणकर सावंतवाडीचे, जन्म १८८२. मुंबईच्या जे. जे. स्कूल ऑफ आर्टमध्ये शिकले, १९०८ मध्ये मुंबईत स्वतःची कलासंस्था काढली, १९१८ मध्ये आर्ट सोसायटी ऑफ इंडियाच्या संस्थापकांत होते. चित्रातली बाई म्हणजे त्यांची मुलगी गीता. इतक्या मोठ्या माणसाचं नाव त्याच्याच चित्राखालून गळावं, याचं वाईट वाटतं. चित्र पुढे पाठवताना नाव जरूर लिहा.

ओला_कागद:
तेलरंगात शेवटी पांढरा ठेवून उजेड चढवता येतो. जलरंगात उजेड म्हणजे कोरा कागद. तो पहिल्या वॉशला, म्हणजे पाणीदार रंगाच्या पहिल्या थराला, राखला नाही तर नंतर कुठूनही आणता येत नाही.

मळण्याची कारणं बहुतेक दोन. एक, खालचा थर पुरता वाळत नाही. हाताची मागची बाजू कागदाला लावून बघा. गार लागला तर आत ओल आहे. पावसाळ्यात तर हे हमखास होतं. ड्रायर फूटभर लांबून फिरवा, जवळ नेला तर ओला रंग सरकून कडा पडतात. दोन, कॅडमियम यलो अपारदर्शक असतो, त्यावर थर चढवले की तो उठून वरच्या रंगात मिसळतो. त्याऐवजी न्यू गॅम्बोज हा पारदर्शक पिवळा घ्या.

क्रम असा: ज्योत आणि नाकाचा, गालाचा सगळ्यात उजळ भाग कोरा सोडून चेहरा, गळा, हात यांवर गॅम्बोजचा अगदी पातळ वॉश. ओला असतानाच उजेडापासून लांब जाताना त्यात थोडा क्विनाक्रिडोन रोझ (पारदर्शक गुलाबी) सोडा. वाळू द्या. मग फक्त सावल्या. ब्रश एकदाच फिरवायचा, त्याच जागी परत घासायचा नाही. चेहऱ्यावर चारच्या वर थर नकोत.

बोटांचं उत्तर तुमच्या प्रश्नातच आहे. लाइट रेड हा मातीचा, अपारदर्शक रंग, तो विटकरी दिसणारच. वाळलेल्या गॅम्बोजवर क्विनाक्रिडोन रोझचा पातळ थर द्या. आणि बोट नीट बघा: मागून उजेड आला की पातळ कडा पेटतात, मध्ये हाडाजवळ गडद राहतं. सगळीकडे सारखा लाल दिला की हात कापडाचा वाटतो.

काळा बंद करा. अल्ट्रामरीन (निळा) आणि बर्न्ट सिएना (तांबूस तपकिरी) मिसळून दोन-तीन वॉशमध्ये गडद करा, दिव्याच्या बाजूला सिएना जास्त, कोपऱ्याकडे अल्ट्रामरीन. वाळल्यावर रंग फिका पडतो, म्हणून हवा त्याहून एक पायरी गडद लावा.

वाडीकर:
साडीबद्दल एक सांगायचं राहिलं. हळदणकरांच्या चित्रात साडी जांभळी आहे, आणि जांभळा पिवळ्याशेजारी आला की पिवळा आणखी उजळतो. तोच जांभळा पिवळ्या वॉशवर गेला तर राखाडी होतो. तेव्हा साडीच्या जागी पहिला पिवळा वॉश अजिबात नको, उजेड पडलेल्या निऱ्यासुद्धा कोऱ्या ठेवा.

सावली_उजेड:
मास्किंग फ्लुइडने (कागद कोरा राखायला लावतात आणि नंतर सोलून काढतात तो द्रव) ज्योत झाकू का?

ओला_कागद:
ज्योतीपुरतं चालेल, चेहऱ्यावर नको. त्याची कड करकरीत येते, आणि गालावरचा उजेड मऊ उतरायला हवा. लावलंत तर त्याच दिवशी काढा. दोन-तीन दिवस राहिलं, त्यातून उकाडा असला, तर काढताना कागदाचे तंतू सोबत निघतात. काढल्यावर ज्योतीच्या खालच्या कडेला ओला ब्रश फिरवून ती मऊ करा, वरचं टोक तसंच ठेवा.