जुनी गाणी जुन्याच यंत्रावर ऐकणाऱ्यांचा धागा

जुन्या गाण्यांबद्दल हळवं होऊन लिहिणारे पुष्कळ आहेत. हा धागा माळ्यावरचा ग्रामोफोन, टेपरेकॉर्डर, व्हॉल्व्हचा रेडिओ आजही चालता ठेवणाऱ्यांसाठी आहे. काय बिघडतं, का बिघडतं, हातात काय घेऊन बसायचं ते लिहा. आठवणी नकोत, मापं द्या.

*

चावीच्या ग्रामोफोनपासून सुरुवात करतो. तबकडीच्या एका बाजूला एक पोलादी सुई. बाजू संपली की ती फेकायची, कितीही चांगली दिसत असली तरी. लाखेच्या तबकडीत दगडाची बारीक पूड मुद्दाम मिसळलेली असते. पहिल्या काही फेऱ्यांत ती सुईचं टोक घासून खाचेच्या आकाराचं करते, आणि बाजू संपेपर्यंत त्या टोकाला धारदार कडा येतात. तीच सुई पुढच्या तबकडीवर ठेवली की ती खाच तासत जाते. काळ्या खाचा करड्या दिसू लागल्या म्हणजे समजायचं, गाणं पूड होऊन निघून गेलं.

या यंत्रावर एलपी, म्हणजे मिनिटाला ३३⅓ फेऱ्यांची प्लास्टिकची तबकडी, अजिबात लावू नये. साउंडबॉक्सचा (सुई जिथे बसते त्या पडद्याच्या डबीचा) सुईवर शंभर ग्रॅमच्या वर भार पडतो. एलपीला दोन ग्रॅमच्या आसपास पुरतो. एका वाजवण्यात खाच जाते.

गाणं चालू असताना आतून मध्येच ‘धड्’ असा आवाज आला, की स्प्रिंगचं ग्रीस सुकलंय. वेटोळी एकमेकांना चिकटतात आणि एकदम सुटतात. उपाय म्हणजे स्प्रिंग काढून पुसणं आणि ग्रॅफाइटचं ग्रीस भरणं. पण चावी पूर्ण उतरल्याशिवाय स्प्रिंगचा डबा उघडू नका, उघडताना जाड चामडी हातमोजे घाला. ती स्प्रिंग बोट तोडू शकते. आवाज नुसता झणझणत असेल तर दोष साउंडबॉक्समध्ये शोधा: अभ्रकाच्या पडद्याभोवतीच्या रबरी नळ्या कडक झालेल्या असतात. तेवढ्याच जाडीची मऊ नळी घालायची, पडदा दोन्हीकडून सारखा दाबलेला हवा.

*

तबकड्या धुण्याबद्दल लिहिते, कारण सर्वांत जास्त नुकसान प्रेमापोटीच होतं. लाख स्पिरिटमध्ये विरघळते. एलपी साफ करण्याच्या द्रावणात बहुधा अल्कोहोल असतं, म्हणून ते ७८च्या, म्हणजे मिनिटाला ७८ फेऱ्यांच्या लाखेच्या तबकडीला लावू नये. एक लिटर ऊर्ध्वपातित पाणी, भांडी घासायच्या साबणाचे दोन-तीन थेंब, मऊ केसांचा ब्रश. ब्रश खाचांच्या दिशेनेच फिरवायचा. लेबल कोरडं ठेवायचं. मग साध्या ऊर्ध्वपातित पाण्याने खळबळून लगेच टिपायचं आणि उभी ठेवून वाळवायची. भिजत घालू नये. काहींच्या आत कागदाचा गाभा असतो, तडा असेल तर पाणी तिथवर पोचून थर सुटतात. पाणी गरमही नको, तबकडी वाकते.

विजेच्या टर्नटेबलवर ७८ वाजवायची तर सुई वेगळी लागते. ७८च्या खाचेला साधारण ७५ मायक्रॉनचं टोक, एलपीला २५ किंवा त्याहून बारीक. एलपीची सुई लावली तर ती रुंद खाचेच्या तळाशी लोळते आणि नुसती खरखर ऐकू येते.

वेग तपासायला रेषांची चकती छापून घ्या. विजेची वारंवारता ५० हर्ट्‌झ असेल तर ३३⅓ साठी १८० रेषा, ७८ साठी ७७. वारंवारता ६० असेल तर अनुक्रमे २१६ आणि ९२. रेषा स्थिर दिसल्या की वेग बरोबर. उजेड तारेच्या किंवा निऑनच्या दिव्याचा हवा. बऱ्याच एलईडींचा उजेड लुकलुकतच नाही आणि माणूस उगाच मोटर उघडून बसतो.

*

कॅसेट. १९६३ साली फिलिप्सने आणलेली ही चीज रबर आणि गोंद यांच्यावर चालते, आणि दोन्ही म्हातारी होतात.

आवाज दबलेला, झांजा गायब: आधी फितीमागची नमद्याची बारीक गादी पाहा. गोंद सुकून ती पडलेली असते, मग फीत हेडला (फितीवरचा आवाज वाचणाऱ्या तुकड्याला) नीट टेकत नाही. टाकाऊ कॅसेटमधली गादी पट्टीसकट काढून बसवा. गादी जागेवर असेल तर हेड पुसा, ९९ टक्के आयसोप्रोपिल अल्कोहोल आणि कापसाची काडी घेऊन. त्यानेही फरक पडला नाही तरच हेडच्या स्प्रिंगवाल्या स्क्रूला हात लावा. मूळ जागेवर खूण करून, आवाज मोनो करून, पाव फेऱ्याहून कमी फिरवत जिथे झांजा सर्वांत उजळ वाजतात तिथे थांबायचं.

मोटर फिरते पण चाकं हलत नाहीत: बेल्टचं डांबर झालंय. कपड्याला लागलं तर निघत नाही. सगळी पुली आयसोप्रोपिलने पुसून घ्या. नव्या बेल्टचं माप जुन्यावरून घेऊ नका, तो ताणलेला असतो. बेल्टच्या वाटेने दोरा गुंडाळून लांबी मोजा आणि त्यातून पाच टक्के वजा करा.

तुटलेली फीत सेलोटेपने जोडू नये. गोंद पाझरतो, शेजारची वेटोळी चिकटतात, हेडलाही लागतो. फितीची रुंदी ३.८१ मिलिमीटर असते, त्याच मापाची जोडपट्टी मिळते. दोन्ही टोकं एकावर एक ठेवून तिरकी कापा आणि पट्टी हेडला न लागणाऱ्या बाजूने लावा. आणि सी-१२०, म्हणजे १२० मिनिटांच्या कॅसेटपासून लांब राहा. तिची फीत जेमतेम ९ मायक्रॉन जाड, सी-६०च्या निम्मी. रबरी चाकाला जरा चिकटा आला की ती त्यालाच गुंडाळली जाते.

*

वर हेडसाठी सांगितलेलं आयसोप्रोपिल त्या रबरी चाकाला नको. वारंवार लावल्याने रबर कडक होतं असं माझं मत. साबणाचं पाणी आणि कोरडं फडकं पुरतं. चाकावर चकाकी आली असेल तर बारीक पॉलिशकागद हलकेच फिरवा.

*

वर्षानुवर्षं बंद असलेला व्हॉल्व्हचा (काचेच्या नळ्यांचा) रेडिओ थेट विजेला जोडू नका. त्याच्या तारेत ६० वॉटचा तारेचा बल्ब ओळीने जोडा. बल्ब क्षणभर उजळून मंद झाला तर ठीक, पूर्ण तेजाने जळत राहिला तर आत शॉर्ट आहे. चालू करण्याआधीच एक कंडेन्सर न तपासता बदलावा: शेवटच्या व्हॉल्व्हच्या ग्रिडला (आतल्या जाळीला) जाणारा कागदी. तो गळका असला की व्हॉल्व्हमधून बेसुमार करंट जातो, आधी व्हॉल्व्ह मरतो, मग ट्रान्सफॉर्मर. सहसा ०.०१ ते ०.०५ मायक्रोफॅरडचा असतो. नवा ६३० व्होल्टचा फिल्मचा घाला. सतत घुमणारा आवाज म्हणजे फिल्टरचे मोठे कंडेन्सर सुकले.

प्लग काढल्यावरही या कंडेन्सरांत २००-३०० व्होल्ट साठून राहू शकतात. काही हजार ओहमच्या पाच वॉटी रोधातून ते उतरवा, मीटरने शून्य पाहा, मगच बोटं घाला. ट्रान्सफॉर्मर नसलेल्या सेटचा पत्राच विजेला जोडलेला असतो; त्यावर आयसोलेशन ट्रान्सफॉर्मरशिवाय काम करूच नये.

*

७८चं ध्वनिमुद्रण संगणकावर घेणाऱ्यांना एक सूचना. आजचे फोनो प्रीअँप (टर्नटेबलचा क्षीण आवाज वाढवणारी पेटी) आरआयएए वक्र लावतात, म्हणजे तबकडी कापताना कमी-जास्त केलेले खालचे-वरचे सूर ठरावीक प्रमाणाने परत जागेवर आणतात. तो १९५४च्या सुमारास रूढ झाला, त्याआधीच्या तबकड्या वेगळ्या प्रमाणाने कापलेल्या आहेत, म्हणून त्या प्रीअँपमधून बोथट वाजतात. वक्र न लावता घ्या आणि नंतर संगणकावर जुळवा. खरखर काढण्याची घाई नको. गाळणी जरा जास्त लावली की तिच्याबरोबर गाणाऱ्याचा ‘स’ही जातो.