'स्नो व्हाइट' पहिला? कोणी सांगितलं?

कात्रीवाली: काल एकाने इथे ठोकून दिलं की डिस्नेचा १९३७ चा 'स्नो व्हाइट' हा जगातला पहिला पूर्ण लांबीचा अ‍ॅनिमेशनपट, आणि खाली कमेंटमध्ये सगळे माना डोलावतायत. अहो, जर्मनीत लोटे रायनिगरचा 'प्रिन्स अहमद' १९२६ ला आला! काळ्या कागदाच्या आकृत्या कात्रीने कापायच्या, सांधे तारेने जोडायचे, खालून उजेड सोडलेल्या काचेवर मांडून केसभर हलवायच्या की एक फ्रेम, परत हलवायच्या की दुसरी. तीन वर्षं बाई हेच करत होती. काचांचे थर लावून दृश्याला खोली आणणं तिने तेव्हाच केलं, पण या थरांच्या तंत्राचं, म्हणजे मल्टिप्लेनचं, नाव काढलं की डिस्नेच आठवतो सगळ्यांना. संताप येतो.

बोरिवलीकर: मग ती तरी पहिली कुठे? अर्जेंटिनात क्रिस्तियानी नावाच्या व्यंगचित्रकाराने १९१७ लाच 'एल अपोस्तोल' काढला, तोही पुठ्ठ्याच्या आकृत्यांचा, थेट राष्ट्राध्यक्षांची खिल्ली उडवणारा.

कात्रीवाली: तो आगीत गेला ना! आज बघता येतो असा सगळ्यात जुना तिचाच.

मध्या: पहिला कोण ते ठेवा बाजूला, धंदा कोणी उभा केला? डिस्ने बुडणार असं हॉलिवूड म्हणत होतं, तरी त्याने पंधरा लाख डॉलरच्या आसपास ओतले. सात बुटके आणि सातांचा स्वभाव वेगळा, चाल वेगळी. ऑस्करवाल्यांनी एक मोठी बाहुली आणि सात छोट्या दिल्या त्या उगाच नाही.

लाइटबॉक्स: धंद्याचं तुम्ही बोलूच नका. १९९५ ला 'टॉय स्टोरी' आला, अख्खा कॉम्प्युटरवर, टाळ्या वाजवल्यात. मी मुंबईत एका स्टुडिओत इनबिटवीन, म्हणजे दोन मुख्य चित्रांच्या मधली चित्रं, काढायचो, मान मोडेपर्यंत. एक दिवस सांगितलं थ्रीडी शिका नाहीतर घरी बसा, शेवटचा पगारही बुडवला. आपल्याकडे हाताने काढणारे होते हो! १९९२ चं अ‍ॅनिमेशनचं 'रामायण' बघा, आपले अ‍ॅनिमेटर राम मोहन होते त्यात.

मध्या: ते 'रामायण' जपानी. तिकडच्या दिग्दर्शकाची, युगो साकोची कल्पना, चित्रंही बहुतेक तिकडचीच. रामाचे डोळे बघा की, जपानी कार्टूनसारखे मोठे.

लाइटबॉक्स: डोळे कसले बघताय? राम मोहन सहदिग्दर्शक होते, नुसतं नावाला नाही. दागिना कुठला, धोतर कसं नेसतात, नमस्कार कसा करतात हे आपल्या माणसांनी सांगितल्याशिवाय जपान्यांना कळणार होतं का? एक फ्रेम काढून दाखवा, मग बोला.

मध्या: आवाज खाली. मी आर्टिस्ट नाही म्हणून मत मांडायचं नाही का?

बोरिवलीकर: २०२५ च्या जानेवारीत हा 'रामायण' सिनेमा थिएटरला परत लागला तेव्हा भाचीला घेऊन गेलो होतो. कुंभकर्ण उठला तेव्हा खुर्चीच्या टोकावर आली होती पोरगी. कुठल्या देशाचा ते विचारलंसुद्धा नाही तिने.

मध्या: बरं, अर्धा आपला. खूश? पण पैसा जपानचा होता, ते आधी लिहा.

लाइटबॉक्स: तेच तर रडतोय मघापासून.

कात्रीवाली: आणि रायनिगर? तिचा सिनेमा कोणी बघणार आहे की नाही? तासाभराचा आहे फक्त.