जन्मदर की जननदर?

आमच्या वडोदऱ्याच्या मंडळाच्या अंकासाठी भाची एक गुजराती लेख मराठीत करतेय. विषय बायकांचं शिक्षण, राहणं शहरात की खेड्यात, आणि मुलं किती. मूळ लेखात 'प्रजनन दर' आहे, तिने 'जन्मदर' केलंय. मला खटकतंय, पण का ते सांगता येईना.

—खटकायलाच हवं. जन्मदर म्हणजे दर हजार लोकांमागे वर्षात झालेले जन्म, आणि त्या हजारात आजोबाही आले! दांडिया बाजारातल्या आमच्या वाड्यात आता सगळे साठीपुढचे. तरुण मंडळी पुण्याला नाहीतर परदेशी. वाड्याचा जन्मदर शून्य, पण बारशांचे फोटो फोनवर येतातच. जननदर बाईमागे मोजतात : आज प्रत्येक वयाला जो दर आहे त्याने १५ ते ४९ वर्षांत एकीला सरासरी किती मुलं होतील. शिक्षणाशी ताडून बघतात तो हा आकडा. २०१९-२१ च्या राष्ट्रीय कुटुंब आरोग्य सर्वेक्षणात शाळेत न गेलेल्यांचा जननदर २.८, बारा किंवा जास्त वर्षं शिकलेल्यांचा १.८, शहरात १.६, खेड्यात २.१. 'प्रजनन' चूक नाही, पण मला त्याला गोठ्याचा वास येतो.

—'सुशिक्षित' लिहिलं असेल तर तेही काढा. सर्वेक्षण शाळेची वर्षं मोजतं, संस्कार नाही. सयाजीरावांनी १९०६ मध्ये संस्थानभर प्राथमिक शिक्षण सक्तीचं केलं, मुलींनासुद्धा. माझी आजी त्यातलीच, चार यत्ता शिकलेली. पत्रं सुरेख लिहायची. तेराव्या वर्षी लग्न, सात मुलं. आईने कॉलेज केलं, लग्नच तेविसाव्या वर्षी झालं, आम्ही दोघं. शिकण्याने आधी लग्न पुढे जातं, हे लेखात आहे का?

—आहे. तिथे भाचीने 'पाळणा लांबला' असं लिहिलंय.

—नाही चालणार. पाळणा लांबवतात तो लग्नानंतर. पहिलं मूल उशिरा किंवा दोन मुलांत अंतर. लग्नच उशिरा झालं तर 'लग्न लांबलं' म्हणा, पाळणा मध्ये कशाला?

—सांगितलं तिला. 'जननदर' पटला. पाळण्याचं तिने कुठेतरी ऐकलं होतं म्हणे. इतके दिवस तिला वाटत होतं, बाळ मोठं झालं की घोडियुं, म्हणजे गुजरातीतला पाळणा, लांब करून घेतात.