जंताची गोळी दिल्यावरही तीन आठवड्यांत त्रास परत का सुरू झाला?

केतकी_स
माझी मुलगी ७ वर्षांची आहे. महिनाभरापूर्वी रात्री शौचाच्या जागी खाज सुटते म्हणून ती झोपेतून सारखी उठू लागली आणि एके दिवशी शौचात दोऱ्यासारखे पांढरे, बारीक जंत दिसले. डॉक्टरांच्या सल्ल्याने अल्बेंडाझोलची ४०० मिलिग्रॅमची एक गोळी तिला चावून खायला दिली. काही रात्री ती शांत झोपली, पण आता तोच त्रास पुन्हा सुरू झाला आहे. शौचाच्या तपासणीत मात्र काहीही आढळले नाही. सासूबाई गोड बंद करून वावडिंगाचे पाणी द्यायला सांगतात, तेही केले. गोळी लागूच पडली नाही असे समजावे का? पुढच्या आठवड्यात शाळेत हीच गोळी देणार आहेत, ती घेऊ द्यावी का?

जुना_औषधविक्रेता
केतकीताई, वर्णनावरून हे सूतकृमी वाटतात, आणि तसे असेल तर गोळीने आपले काम बहुधा केलेले आहे. अल्बेंडाझोलमुळे जंतांना साखर शोषून घेता येत नाही आणि ते उपासमारीने मरतात. अंड्यांवर मात्र तिचा भरवसा धरता येत नाही. मादी रात्री बाहेर येऊन गुदद्वाराभोवतीच्या त्वचेवर अंडी घालते, खाजवताना ती नखांत अडकतात, तिथून पुन्हा तोंडात जातात आणि चादरीवर दोन-तीन आठवडेही टिकतात. म्हणूनच दोन आठवड्यांनी दुसरी मात्रा देतात, आणि घरातील सर्वांनी एकाच दिवशी औषध घ्यावे असे सांगतात. दुकानात मी पाहिलेल्या बहुतेक तक्रारींत ही दुसरी मात्राच राहून गेलेली असे.

अंडी आतड्यात नसून त्वचेवर असल्यामुळे शौचाच्या तपासणीत ती सहसा सापडत नाहीत. सकाळी उठल्याबरोबर, अंघोळ किंवा शौच होण्यापूर्वी, त्या जागी पारदर्शक चिकटपट्टी दाबून ती काचपट्टीवर लावून तपासतात. डॉक्टरांना त्याबद्दल अवश्य विचारा. गोड खाल्ल्याने जंत होत नाहीत, त्यामुळे मुलीला त्यासाठी बोलू नये, ही माझी कळकळीची विनंती.

आरोग्यसेविका_विदर्भ
शाळेतील कार्यक्रम २०१५ मध्ये काही राज्यांत सुरू झाला, नंतर देशभर पसरला आणि तो १ ते १९ वर्षांच्या मुलांसाठी आहे. त्याचा मुख्य रोख मातीतून पसरणाऱ्या गोलकृमी, चाबूककृमी आणि अंकुशकृमींवर असतो. अंकुशकृमी आतड्यातून रक्त शोषतात, त्यामुळे उघड्यावर शौच होणाऱ्या आणि मुले अनवाणी फिरणाऱ्या वस्त्यांमध्ये प्रत्येकाची तपासणी न करता सर्वांना गोळी देणे योग्यच ठरते, असे माझे अनुभवान्ती मत आहे. तुमच्या मुलीची दुसरी मात्रा आणि शाळेची तारीख जवळ येत असतील तर डॉक्टरांना विचारून एकच घ्यावी आणि शिक्षकांना तसे कळवावे. मूल आजारी असेल तर त्या दिवशी गोळी देत नाहीत. घरात कुणाला पूर्वी फिट आलेली असेल, तर गोळी घेण्यापूर्वी डॉक्टरांना सांगितलेच पाहिजे, कारण मेंदूत फीतकृमीच्या गाठी असल्यास औषधाने त्या मरताना सूज येऊन पुन्हा फिट येऊ शकते.

केतकी_स
दोघांचे मनापासून आभार. दुसरी मात्रा आम्ही दिलीच नव्हती. पण घरातील सर्वांनी गोळी घ्यायची म्हटले तर माझ्या जावेचे काय? तिला तिसरा महिना सुरू आहे.

आरोग्यसेविका_विदर्भ
त्यांना स्वतःहून अजिबात देऊ नका. पहिल्या तीन महिन्यांत ही गोळी टाळतात. पुढेही स्त्रीरोगतज्ज्ञ सांगतील तसेच करावे. तोवर त्यांनी जेवणापूर्वी आणि शौचानंतर साबणाने हात धुणे, नखे बारीक ठेवणे आणि मुलीच्या अंथरुणात न झोपणे एवढे सांभाळावे. मुलीला रोज सकाळी उठल्याबरोबर अंघोळ घाला, म्हणजे रात्री घातलेली अंडी धुऊन जातील. तिचे आतले कपडे रोज बदला, आणि चादरी न झटकता गरम पाण्यात धुऊन उन्हात वाळवा.