मदत हवी आहे: मायएसक्यूएलमधील काही मराठी-कन्नड नोंदी बिघडलेल्या, काही नीट

खानापूर तालुक्यातील आमच्या गावच्या वाचनालयाची पुस्तकयादी मायएसक्यूएल या डेटाबेसमध्ये असून मी ती पीएचपीमायअॅडमिनमधून (ब्राउझरमधून डेटाबेस हाताळण्याचे साधन) सांभाळतो. तक्ता यूटीएफ८एमबी४ (सर्व लिप्या साठवणारे एन्कोडिंग) मध्येच आहे. परंतु जुन्या नोंदणी-प्रोग्रॅमची जोडणी लॅटिन१ (पश्चिम युरोपीय लिपीचे एन्कोडिंग) ची असल्यामुळे त्यातून भरलेली मराठी आणि कन्नड नावे दुहेरी एन्कोड झाली आहेत (म्हणजे त्यांचे बाइट लॅटिन१ अक्षरे समजून पुन्हा यूटीएफ८एमबी४ मध्ये साठवले गेले), तर मी अलीकडे थेट भरलेली नावे स्वच्छ दिसतात. 'निपाणी' या शब्दाची लांबी अक्षरे मोजणाऱ्या 'कॅरेक्टर लेंग्थ' (CHAR_LENGTH) फंक्शनने मोजली, तर नव्या नोंदीत ६ येते आणि जुन्या नोंदीत १८, कारण देवनागरीचे प्रत्येक चिन्ह ३ बाइट घेते आणि जुन्या नोंदीत प्रत्येक बाइट स्वतंत्र अक्षर होऊन बसला आहे.

तक्त्याची प्रत काढून तिच्यावर मजकूर आधी लॅटिन१, मग बायनरी आणि शेवटी यूटीएफ८एमबी४ असा फिरवून पाहिला. जुन्या नोंदी सुधारल्या, पण नव्या नोंदींची प्रश्नचिन्हे झाली. (प्रतीवर केले म्हणून निभावले, प्रश्नचिन्हातून मूळ अक्षर परत मिळत नाही.)

तेव्हा फक्त बिघडलेल्या ओळी निवडणारी 'वेअर'ची (क्वेरीत ओळी निवडणाऱ्या भागाची) अट कशी लिहावी? देवनागरी नसलेल्या ओळी निवडाव्यात, तर नीट असलेली कन्नड नावेही त्यात सापडतात. 'हेक्स'ने (बाइट सोळा-अंकी पद्धतीत दाखवणारे फंक्शन) बाइट तपासून निवड करणे भरवशाचे ठरेल का? दोन्ही लिप्या एकाच रकान्यात सांभाळणाऱ्या कोणी हे केले असल्यास, वापरलेली क्वेरी कृपया येथे द्यावी.