प्लिनीचा दगड आणि आंब्रोजचं सोनं

प्रेषक: अविनाश
विषय: रविवारच्या सहलीतला अर्धवट राहिलेला वाद

नमस्कार मंडळी,

सहल छान झाली. मीनाताई, तुमचे खास आभार. कोमोहून परत येताना गाडीत रंगलेला वाद मिलान स्टेशन आल्यामुळे तुटला, तो इथे पूर्ण करू या.

माझं म्हणणं पुन्हा मांडतो. गरजूंना देणं ही ख्रिस्ती धर्माची देणगी आहे, असं माझ्या ऑफिसातले सहकारी अगदी सहज बोलून जातात. मला ते पटत नाही. कोमोच्या कॅथेड्रलच्या मुख्य दाराशी दोन्ही बाजूंना दोन प्लिनी, म्हणजे रोमन लेखक असलेले मामा-भाचे, बसलेले आपण सगळ्यांनी पाहिले. दोघेही ख्रिस्ती नव्हते, तरी चर्चनंच त्यांना मानानं दारात बसवलंय. त्यातल्या धाकट्या प्लिनीनं गावाला वाचनालय दिलं, स्नानगृहं दिली, मुलामुलींच्या पोषणासाठी ५ लाख सेस्टर्शियस (रोमन नाणी) दिले. हे सगळं इ.स. १०० च्या आसपासचं. मग पुढे चर्चनं नवीन काय केलं? आधी नगर जयजयकार करायचं, नंतर पाद्री आशीर्वाद देऊ लागला. देणारा तोच, थैलीही तीच.

चुकत असेन तर सांगा.

अविनाश

———

प्रेषक: मीना
विषय: उत्तर: रविवारच्या सहलीतला अर्धवट राहिलेला वाद

अविनाशदादा आणि सगळे,

दादा, दान ख्रिस्ती लोकांनी सुरू केलं असं मीही म्हणणार नाही. प्लिनीची पत्रं वाचल्यावर तसं म्हणवतच नाही. इतिहासकार तासितुसला त्यानं लिहिलेलं एक पत्र मला फार आवडतं. प्लिनी आपल्या गावी, कोमोला गेलेला असताना एक मुलगा वडिलांबरोबर भेटायला येतो. शिकतोस का? हो. कुठे? मेदिओलानुमला, म्हणजे आपल्या मिलानला. इथे का नाही? वडीलच उत्तर देतात, इथे शिक्षक नाहीत. त्यावर प्लिनी जमलेल्या सगळ्या बापांना सांगतो: मला अजून मूलबाळ नाही, तरी तुम्ही जमवाल त्या रकमेच्या एक तृतीयांश भर मी घालतो. सगळे पैसे दिले असते, पण मग शिक्षक नेमताना वशिलेबाजी सुरू होईल. तुमचेही पैसे गुंतलेले असले की तुम्ही माणूस पारखून घ्याल. आपल्या शनिवारच्या मराठी शाळेच्या फीवरून होणारी चर्चा आठवली की हे पत्र मला काल लिहिल्यासारखं वाटतं.

मुलांच्या पोषणाच्या ५ लाखांचंही तसंच. रोकड गावाच्या हाती दिली तर उधळली जाईल आणि जमीन दिली तर पडीक राहील, कारण गावाचं म्हणजे कुणाचंच नाही. म्हणून त्यानं आपली ५ लाखांहून बरीच जास्त किमतीची जमीन गावाच्या नावे केली आणि वर्षाला ३० हजार खंड भरायच्या अटीवर स्वतःकडे परत घेतली. खेळ आणि ग्लॅडिएटर सोडून मुलांच्या पोषणावर पैसे लावले, हेही त्यानं मुद्दाम लिहून ठेवलंय. माणूस विचार करून देत होता, यात मला शंका नाही.

पण दादा, रविवारी पाहिलेल्या शिलालेखात त्याच्या दानांची यादी आहे, तिच्यात कोण आहे ते बघा.

पोषणाची रक्कम आहे ती जन्मानं स्वतंत्र असलेल्या मुलामुलींसाठी. गुलामाचं पोर त्यात बसत नाही. मृत्युपत्रात १८,६६,६६६ सेस्टर्शियस आहेत ते त्याच्याच १०० मुक्त केलेल्या गुलामांच्या निर्वाहासाठी. तीच रक्कम पुढे नगरातल्या सामान्य जनांच्या मेजवानीकडे जाते, म्हणजे गावजेवण. स्नानगृहाच्या देखभालीला २ लाख, वाचनालयाच्या देखभालीला १ लाख. प्रत्येक रकमेला घेणारा आहे आणि प्रत्येक घेणारा देणाऱ्याचा कुणीतरी लागतो: त्याचं गाव, त्याच्या गावचा नागरिक, त्याच्या घरचा माणूस. वेशीबाहेरून आलेली, कुणाचीच नसलेली उपाशी बाई या दगडावर कुठेही नाही. प्लिनी कठोर होता म्हणून नव्हे, त्या व्यवस्थेत अशा बाईसाठी रकानाच नव्हता.

अशा उपकारकर्त्याला ग्रीकमध्ये 'एवर्गेतेस' म्हणत. इथल्या शाळांत मुलं 'एव्हर्जेतिस्मो' म्हणून शिकतात ते हेच. त्यात गरिबाला मिळत नव्हतं असं नाही, पण मिळायचं ते नागरिक म्हणून. आजच्या तुर्कस्तानातल्या सिलिओन नगरात मेनोदोरा नावाच्या श्रीमंत बाईनं पैसे वाटले, त्याचा शिलालेख आहे. नगरसभेच्या सभासदाला सर्वांत जास्त, साध्या नागरिकाला त्याहून फार कमी, मुक्त झालेल्या गुलामाला अगदी थोडं. ज्याला गरज कमी त्याला वाटा मोठा! आपल्याला हे उफराटं वाटतं, पण तिथे कुणालाच वाटलं नसणार, कारण तो मानपान होता. पंगतीत पहिलं पान कुणाचं हे जसं ठरलेलं असतं, तसं.

आता दुसरी बाजू. ती सुरू होते ती श्रीमंतांच्या थैलीपासून नव्हे, वर्गणीपासून. साधारण इ.स. १५० मध्ये रोममध्ये लिहिणारा ख्रिस्ती लेखक जस्टिन सांगतो की रविवारी ज्याला जमेल त्यानं जमेल तेवढं द्यायचं. ते प्रमुखाकडे जमा होतं आणि अनाथ, विधवा, आजारी, कैदी, परगावाहून आलेले यांच्याकडे जातं. पुढे इ.स. २५१ मध्ये रोमचा बिशप कॉर्नेलियस एका पत्रात आपल्या चर्चचा हिशेबच देतो: ४६ धर्मगुरू, ७ डीकन (त्यांचे सहाय्यक), आणि १,५०० हून अधिक विधवा व गरजू माणसं. धर्मगुरूंच्या पंक्तीला त्याच वाक्यात पोसायच्या विधवा! माझ्या मते नवीन गोष्ट हीच. देणं नवीन नव्हतं, ही यादी नवीन होती. त्यानंतर सव्वाशे-दीडशे वर्षांनी सिरियातल्या अंतिओक शहराच्या चर्चच्या यादीवर ३,००० विधवा आणि कुमारिका होत्या, असं तिथला धर्मगुरू योहान क्रिसोस्टोम प्रवचनात सांगतो.

आणि हे वेगळं आहे हे ख्रिस्ती लोकांपेक्षा त्यांच्या विरोधकाला जास्त नीट दिसलं होतं. सम्राट ज्युलियन, जुने देव परत आणू पाहणारा, इ.स. ३६२ च्या सुमारास गलातियाच्या मुख्य पुजाऱ्याला लिहितो: यहुद्यांत कुणी भीक मागत नाही, हे गालिलवाले (म्हणजे ख्रिस्ती) स्वतःच्या गरिबांबरोबर आपल्याही गरिबांना पोसतात, आणि आपल्या लोकांना आपल्याकडून काही मिळत नाही, ही लाजिरवाणी गोष्ट आहे. मग तो वर्षाला ३०,००० माप गहू आणि ६०,००० माप वाइन मंजूर करतो. पाचवा हिस्सा पुजाऱ्यांच्या सेवेतल्या गरिबांना, बाकीचं परक्यांना आणि भिकाऱ्यांना. दादा, प्लिनीच्या दगडावर होतं तेच चर्चमध्येही चालू असतं, तर ज्युलियनला हा हुकूम काढावाच लागला नसता.

राहिला आपला आंब्रोज, मिलानचा चौथ्या शतकातला बिशप. ३७८ मध्ये हाद्रियानोपलला रोमनांचा दारुण पराभव झाला. जिंकलेल्या गॉथ टोळ्यांनी माणसं पकडून नेली. त्यांना सोडवायला आंब्रोजनं चर्चची पवित्र भांडी फोडून वितळवली. विरोधी एरियन पंथाच्या लोकांनी गहजब केला. त्याचं उत्तर असं होतं की चर्चकडे सोनं आहे ते साठवायला नाही, वाटायला आहे, आणि धातूच्या भांड्यांपेक्षा जिवंत भांडी वाचवणं बरं. ती भांडीही कुणीतरी भाविकानं अर्पण केलेलीच असणार.

रविवारी सांताम्ब्रोजोच्या, म्हणजे आंब्रोजच्या नावाच्या मिलानमधल्या चर्चच्या, ओसरीत मी तुम्हाला जो फुटका शिलालेख दाखवला, तो प्लिनीच्या याच दानांच्या यादीचा तुकडा. अख्खा दगड कोमोचा. मध्ययुगात इथे आणून एका राजाच्या थडग्यासाठी तो कापला. आज एवढाच तुकडा उरलाय, बाकीचा मजकूर जुन्या नकलेमुळे कळतो. आंब्रोजच्या दारात प्लिनीची पावती, हे मला त्या ओसरीत दर वेळी हलवून जातं.

मीना

———

प्रेषक: ऋता
विषय: उत्तर: उत्तर: रविवारच्या सहलीतला अर्धवट राहिलेला वाद

मीनाताई,

तुमचं पत्र दोनदा वाचलं. त्या ३० हजारांच्या खंडाशी आले आणि थेट घरी पोचले. मी नाशिकची, पांडवलेण्यांच्या पायऱ्या शाळेपासून चढलेली. तिथल्या १० नंबरच्या लेण्यात क्षत्रप राजा नहपानाचा जावई उषवदात याचा लेख आहे, बहुतेक अभ्यासकांच्या मते प्लिनीच्या जवळपासच्याच काळातला. त्यानं ३,००० कार्षापण (त्या काळची नाणी) दिले ते भिक्खूंच्या हाती नाही, गोवर्धनच्या विणकरांच्या श्रेणींकडे, म्हणजे व्यवसाय-संघांकडे ठेवले. २,००० एका श्रेणीकडे दरमहा शेकडा एक व्याजानं, १,००० दुसरीकडे शेकडा पाऊण व्याजानं. मुद्दल परत मागायचं नाही, फक्त व्याज वापरायचं. पावसाळ्यात लेण्यात राहणाऱ्या २० भिक्खूंना चीवरासाठी (वस्त्रासाठी) प्रत्येकी १२ कार्षापण. हिशेब करून बघा: २,००० चं वर्षाचं व्याज २४०, आणि २० गुणिले १२ म्हणजेही २४०. पैचाही फरक नाही. याला शब्द आहे अक्षयनीवी.

पण तुमच्या 'यादीत कोण' या प्रश्नावर मी अडले. उषवदाताच्या यादीत ब्राह्मण आहेत, भिक्खू आहेत, आणि वाटसरूही आहेत. भरुकच्छ, दशपुर, गोवर्धन, शूर्पारक इथे उतरायला निवारे बांधले, दमण, तापी, डहाणूका अशा नद्यांवर फुकट नावा ठेवल्या. नावेत बसणारा कुठल्या गावचा हे नावाडी विचारत नसणार. मग हा प्लिनीच्या बाजूचा की आंब्रोजच्या?

आणि एक. नाव मात्र त्यानं ठळक कोरलंय. ख्रिस्ती दात्यांनी नाव खरंच सोडलं का? या हाताचं त्या हाताला कळू नये, असं आपणही म्हणतोच की.

ऋता

———

प्रेषक: मीना
विषय: उत्तर: उत्तर: उत्तर: रविवारच्या सहलीतला अर्धवट राहिलेला वाद

ऋता,

किती सुंदर लिहिलंस. २४० चा हिशेब मी वहीत करून पाहिला. नावेबद्दल तू म्हणतेस ते मला मान्य आहे. माझ्या दोन बाजूंत उषवदात बसत नाही आणि त्याला तिथे कोंबायचं कारणही नाही. तो नगराला देत नाही, गरिबाला गरीब म्हणूनही देत नाही. तो रस्त्यावरच्याला देतो.

नावाचं मात्र खरं उत्तर देते: नाही, सोडलं नाही. मत्तयच्या शुभवर्तमानात आहे, दान करताना पुढे कर्णा वाजवू नकोस, उजवा हात काय करतो ते डाव्याला कळू देऊ नकोस. आणि तरी अक्विलेयाच्या बॅसिलिकेत चौथ्या शतकाच्या सुरुवातीची मोझॅकची फरशी आहे, तिच्यात यानुआरियस नावाच्या माणसानं लिहवून घेतलंय की त्यानं ८८० फूट फरशीचा नवस फेडला. फुटांत मोजून! मात्र त्याच वाक्यात 'देवाच्या देणगीतून' असेही शब्द आहेत. जे दिलं ते माझं नव्हतंच, मला मिळालेलं पुढे दिलं. पूर्वेकडच्या चर्चमध्ये तर काही ठिकाणी दात्याच्या नावाच्या जागी एवढंच लिहिलेलं सापडतं: 'ज्याचं नाव देव जाणतो'. मोह गेला नव्हता, पण त्याची लाज वाटू लागली होती. अविनाशदादा, थैली तीच म्हणालात, इथपर्यंत मी तुमच्याबरोबर आहे. शिवाय या दात्यालाही बदल्यात हवंच होतं: भिक्षेनं पाप धुतलं जातं ही शिकवण तेव्हा सर्रास दिली जात होती. नगराच्या टाळ्यांऐवजी स्वर्गातली जागा.

तरीही मी माझ्या यादीवर ठाम आहे, आणि ते एका दुसऱ्या यादीमुळे. मे ३०३, आजच्या अल्जीरियातलं किर्ता नगर. रोमन सम्राट डायोक्लेशियनच्या हुकुमानं अधिकारी ख्रिस्ती लोकांच्या प्रार्थनाघरावर जप्तीला आले. कारकुनानं एकेक वस्तू लिहून घेतली आणि तो कागद पुढे एका खटल्यात दाखल झाल्यामुळे टिकला. सोन्याचे २ प्याले, चांदीचे ६ प्याले, आणि मग कपडे. बायकांचे झगे ८२. डोक्यावरून घ्यायची वस्त्रं ३८. पुरुषांचे झगे १६. पुरुषांचे जोडे १३, बायकांचे जोडे ४७.

ती यादी मी पहिल्यांदा वाचली तेव्हा पुढे सरकताच येईना. मी गेली काही वर्षं मंगळवारी संध्याकाळी आमच्या भागातल्या पॅरिशमध्ये (स्थानिक चर्चमध्ये) कपड्यांच्या वाटपाला जाते. आलेल्या पिशव्या उघडायच्या, झटकायच्या, बटणं तपासायची, जोडे नंबराप्रमाणे फळीवर लावायचे, तुटके बाजूला काढायचे. ८२ आणि १६ हा फरक पाहिल्याबरोबर मला ते कपाट दिसलं. तिथे दाराशी कोण येत होतं, ते त्या आकड्यांत लिहिलेलं आहे. विधवा. जप्ती करणाऱ्याला तो नुसता माल होता, पण कुणीतरी त्या ४७ जोड्या माझ्यासारख्याच फळीवर लावल्या असणार. त्या बाईचं नाव कुठल्याही दगडावर नाही.

आमच्याकडे हिशेब उलटा आहे. बायकांचे कपडे ढिगानं येतात, पण दाराशी उभे असतात ते बहुतेक पुरुष, आणि त्यांच्या पायाला बसतील असे जोडे फळीवर नसतात. थंडी सुरू झालीच आहे. कुणाकडे ४२ ते ४४ नंबरचे पुरुषांचे हिवाळी बूट असतील, वापरलेले चालतील पण तळ शाबूत हवा, तर शनिवारी मराठी शाळेत येताना घेऊन या. दोन्ही बुटांच्या नाड्या एकमेकींना बांधून आणा, म्हणजे पिशवीत जोड्या फुटत नाहीत.

मीना